पात हिरवीगार आणि फुलाचा पत्ता नाही: कुंडीतल्या हिवाळी कंदांचं नेमकं कुठे बिनसतं

अ‍ॅमरिलिसचा तो कंद मी शेवटी सुरीने उभा चिरला. पहिल्या हिवाळ्यात त्याने दोन दांडे आणि सात फुलं दिली होती आणि मी हुरळून गेले होते. त्यानंतर लागोपाठ तीन हिवाळे नुसती पात. एका वर्षी कुंडी बदलली, एका वर्षी खत बदललं, एका वर्षी खिडकी बदलली. कंद ढिम्म. कापायचा धीर होत नव्हता, कारण कापला की संपला असं वाटायचं. (तसं नसतं, ते शेवटी सांगते.) पण तीन वर्षं फूल न देणाऱ्या कंदाचं आणखी काय नुकसान व्हायचं होतं?

आत कांद्यासारखेच थर. तळाशी टणक, फिकट रंगाची चकती. तिच्या खालून मुळं फुटतात आणि वरून थर. भरलेल्या कंदाचे थर जाड, रसरशीत आणि एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. त्यांच्या मधे काही थर सोडून चपट्या कळ्या दडलेल्या असतात, बाहेरच्या बाजूची मोठी आणि आत जावं तशी लहान. माझ्या कंदाचे थर पातळ, मधे पोकळी, आणि कळीच्या जागी नखाएवढा तपकिरी, वाळका पापुद्रा. त्याच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी एक हिरवट कळी. बस्स.

म्हणजे तीन वर्षं मी ज्या हिवाळ्याला बोल लावत होते, त्याचा काही दोषच नव्हता. हिवाळी कंदांपैकी बहुतेकांचं फूल हिवाळ्यात तयार होत नाही. ते आधीच्या मोसमात, कधी त्याच्याही आधी, कंदाच्या पोटात धरतं. म्हणून ऐन हिवाळ्यात कळी दिसेना म्हणून खताचा मारा करणं फुकट जातं. आधी शोधायचं असतं ते हे: फूल धरलंच नव्हतं, की धरून आत मेलं, की जिवंत आहे पण वर यायला तयार नाही? तिन्हींमध्ये वरून दिसतं एकच, पात आहे आणि फूल नाही. उपाय मात्र तिन्हींचे अगदी वेगळे. फुलाबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या तीनांत कुठेतरी बसतात.

फूल आत होतं का?

ट्युलिपच्या बाबतीत हे न कापताही कळतं आणि ही खूण फार थोड्यांना माहीत असते. कंदात फूल नसेल तर तो एकच रुंद पान वर काढतो. एकच, तळहातासारखं पसरट. दोन-तीन किंवा जास्त पानं आली आणि फूल नाही, तर समजा फूल आत होतं आणि वाटेत कुठेतरी मेलं. एका पानाचा कंद लहान किंवा उपाशी होता. दोन-तीन पानांच्या कंदाला साठवणीत किंवा कुंडीत मार बसला. तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते, पानं किती आली?

खात्री करायची असेल तर लावायच्या दिवशी एक कंद बळी द्या. वीस कंदांतला एक गेला तर काही बिघडत नाही. टोकापासून तळापर्यंत मधोमध चिरा. चांगल्या ट्युलिपच्या कंदात गाभ्याशी पिवळट-हिरवा कोंब असतो आणि त्या कोंबात अख्खं फूल बसलेलं असतं: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधे तिधारी स्त्रीकेसर. साध्या भिंगाने मोजता येतं. हे फूल कंद जमिनीतून काढल्यानंतर, उन्हाळ्यात कोरड्या उबदार कोठारात पडून असताना बनतं. हायसिंथचंही तसंच, त्याच्या कोंबात बारक्या मण्यांचा घोस दिसतो. डॅफोडिल त्याहून घाईचा, त्याचं फूल कंद जमिनीतून काढण्याआधीच धरायला लागलेलं असतं.

कापण्याआधी हातमोजे घाला. हायसिंथच्या कंदाला कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाज सुटते, आणि डॅफोडिल-नर्गिसच्या कुळात लायकोरीन नावाचं विष असतं. फ्रिजमध्ये कंद ठेवणाऱ्यांनी पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहावं हे बरं, कारण हे कंद दिसतात थेट कांद्यासारखे.

फूल धरायला कंदाचा घेर पुरेसा हवा. दोरा घ्या, कंदाच्या कमरेभोवती फिरवा, पट्टीवर मोजा. ट्युलिप ११-१२ सेंमीच्या पुढे, हायसिंथ १४ च्या पुढे (१६-१८ असेल तर घोस भरगच्च), अ‍ॅमरिलिस २४-२६ असेल तर सहसा एक दांडा आणि ३० च्या पुढे दोन. यापेक्षा लहान कंद स्वस्तात मिळाला म्हणून आणलात, तर एखादं वर्ष पात बघण्यात जाईल हे धरून चाला. त्यात कंदाचा काही दोष नाही.

धरलेलं फूल आत मेलं

माझी सगळ्यात मोठी फजिती इथली. एका वर्षी मी वीस ट्युलिप कागदी पिशवीत भरून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. चौदा आठवडे, तारीख लिहून, अगदी शिस्तीत. मग कुंडीत लावले. कोंब आले, तीन-तीन पानं उघडली, आणि पानांच्या बेचक्यात एकेक गवताच्या रंगाची, कागदासारखी वाळकी कळी. बोट लावलं की तुटायची. अठरा कंदांमध्ये हीच गत. पाणी कमी पडलं म्हणावं तर माती ओली. ऊन जास्त म्हणावं तर पानं टवटवीत.

दोष होता त्याच कप्प्यातल्या सफरचंदांचा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कंदाच्या पोटातलं कोवळं फूल त्या वायूने करपून जातं. पानांना काही होत नाही, म्हणून महिनोन्‌महिने पत्ताही लागत नाही. कागदी पिशवी वायू अडवत नाही. प्लास्टिकची बंद पिशवी अडवेल असं वाटतं, पण तिच्यात ओल कोंडून कंद सडतात. यावर उपाय एकच: कंद आणि फळं एका फ्रिजमध्ये ठेवायचीच नाहीत. जागाच नसेल तर त्या तीन-चार महिन्यांत घरातली फळं बाहेर ठेवावीत. मी आता तेच करते.

या गुन्ह्यात दुसराही एक आरोपी असतो, आणि तो पिशवीतच लपलेला असतो. फ्युसेरियम ही बुरशी लागलेला ट्युलिपचा कंद स्वतः भरपूर इथिलीन सोडतो. म्हणजे पेटीतला एक नासका कंद शेजारच्या चांगल्या कंदांची फुलं मारतो, त्यांना स्वतः बुरशी लागलेली नसतानाही. म्हणून साठवायच्या आधी आणि मधूनमधून प्रत्येक कंद हातात घ्या. आकाराच्या मानाने हलका लागला, दाबल्यावर बसला, आंबूस वास आला किंवा सालाखाली पांढरट-गुलाबी बुरशी दिसली, तर सरळ फेकून द्या. ‘थोडासाच खराब आहे, लावून बघू’ हा मोह इथे महागात पडतो. वरचं तपकिरी साल सुटलंय, निळसर भुकटीचा एखादा डाग आहे, एवढ्यावर मात्र कंद टाकू नका. ते वरवरचं असतं, पुसून घेतलं की झालं.

कळी कुठल्या टप्प्यावर मेली हेही बघा. पानांच्या खोबणीतच, वाटाण्याएवढी असताना वाळली असेल तर दोष साठवणीतला: इथिलीन किंवा फार उष्णता. हिरवी कळी नीट वर आली, दांडा वाढला आणि मग ती तपकिरी पडली, तर साठवणीला बोल लावू नका. कुंडी एकदा तरी कडकडीत सुकली किंवा खोली फार तापली. कळी दिसायला लागल्यानंतर दोन दिवसांचा कोरडेपणाही पुरतो, आणि मग पाणी ओतून काही उपयोग नसतो.

थंडीचा हिशोब

सगळ्या हिवाळी कंदांना एकाच मापाने मोजण्याची चूक सर्रास होते. कुणी अ‍ॅमरिलिस फ्रिजमध्ये घालतं, कुणी ट्युलिप थेट उबदार खिडकीत लावतं. दोघांनाही फूल मिळत नाही आणि दोघंही कंद विकणाऱ्याला नावं ठेवतात.

मूळ गाव आठवलं की हिशोब सोपा होतो. रानटी ट्युलिप मध्य आशियाच्या डोंगरउतारांवरचे. तिथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा बर्फाचा. फूल उन्हाळ्यात आत बनतं, पण दांडा लांबवायची आतली तयारी लांबलचक थंडीतूनच होते. त्याला २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १४ ते १६ आठवडे लागतात. हायसिंथ, क्रोकस, मस्कारी आणि मोठे डॅफोडिल यांना साधारण १२ ते १४ आठवडे. ‘तयार केलेले’ म्हणून विकतात त्या हायसिंथना थोडे कमी, कारण त्यांना कोठारातच आधी उष्णता देऊन फूल लवकर धरायला लावलेलं असतं. शून्याखाली नेऊ नका, बर्फाच्या कप्प्यात तर अजिबातच नाही.

अ‍ॅमरिलिस, म्हणजे शास्त्रीय नावाने हिप्पिएस्ट्रम, दक्षिण अमेरिकेतला. (खरा अ‍ॅमरिलिस दक्षिण आफ्रिकेतला, पाती गेल्यावर फुलणारा वेगळाच कंद. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्टने १८२१ मध्ये दोघांचे वंश वेगळे केले, कूळ मात्र एकच; पण बाजाराने ऐकलं नाही.) याला थंडीची गरज नाही, १० अंशांच्या खाली तर नेऊच नये. पांढऱ्या सुगंधी झुपक्यांचा पेपरव्हाइट नर्गिस भूमध्य समुद्राकाठचा, त्यालाही फ्रिज नको. लावला की चार ते सहा आठवड्यांत फुलतो. म्हणूनच हिवाळा मवाळ असलेल्या ठिकाणी आणि नव्याने हात बसवणाऱ्यांना मी आधी हे दोनच सुचवते. ट्युलिपचा हट्ट नंतर.

फ्रीझिया यांच्यातला नाठाळ. त्याच्या गड्ड्याला आधी दोन-तीन महिने ३० अंशांच्या आसपास कोरडी ऊब हवी, नाहीतर तो कोंबच काढत नाही. मग पानं आल्यावर माती १२ ते १५ अंश इतकी गार हवी, कारण याचं फूल वाढतानाच धरतं. कुंडी तापली की नुसती गवतासारखी पात. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात तापून माती हवेपेक्षा किती गरम होते, हे एकदा बोट खुपसून बघा. फ्रीझियाच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. या कंदाला मातीची, फिकट रंगाची कुंडी आणि तिच्यावर सावली, पण पानांवर ऊन, असा सगळा लाड करावा लागतो.

थंडी नुसत्या कंदाला द्यायची की कुंडीत लावून? जागा असेल तर कुंडीतच. थंडीच्या काळात कंद वरून झोपल्यासारखा दिसतो, पण खाली मुळं पसरत असतात. नंतर ती मुळंच फुलाला पाणी पुरवतात. थंडीतून काढण्याआधी कुंडी उचलून तळाच्या भोकांकडे बघा. पांढरी मुळं डोकावत असतील आणि वर ३ ते ५ सेंमीचा कोंब असेल तर काढा. मुळं दिसत नसतील तर कॅलेंडर काहीही म्हणो, परत आत ठेवा. आणि या काळात कुंडीला पाणी विसरू नका. फ्रिजमधली हवा कोरडी असते, कुंडी आतल्या आत सुकते, आणि मुळं सुकली की पुढचं सगळं फुकट.

कडक हिवाळ्यात कुंड्या बाहेर ठेवणाऱ्यांना वेगळाच त्रास. जमिनीतल्या कंदाला चहूबाजूंनी मातीचं पांघरूण असतं. कुंडीतल्या कंदाच्या आणि गारठ्याच्या मधे बोटभर माती आणि कुंडीची भिंत, एवढंच. कुंडी आरपार गोठली तर मुळं मरतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून, भिंतीच्या आडोशाला ठेवा, भोवती गोणपाट किंवा वाळका पाला घाला.

फूल आहे, पण मातीशीच उघडलंय

हायसिंथचा घोस पानांच्या मधेच अडकून तिथेच उमलतो, ट्युलिप मातीपासून चार बोटांवर फुलतो. फूल धडधाकट, दांडा नाही. जवळजवळ नेहमी याचं कारण एकच असतं: थंडी कमी पडली. आठ आठवड्यांत कोंब दिसला म्हणून घाईने बाहेर काढला, की असं होतं. कोंब दिसणं म्हणजे थंडी पुरी होणं नव्हे.

दुसरं कारण, थंडीतून काढून थेट उबदार खोलीत ठेवणं. मधे एक पायरी हवी. आठवडाभर १० ते १५ अंशांच्या अंधुक जागी ठेवायचं, कोंब पिवळट असेल तर तो हिरवा होऊ द्यायचा, मगच १५ ते १८ अंशांच्या उजेडात. २० च्या पुढे गेलात तर फुलं येतील, पण चार दिवसांत मान टाकतील.

अडकलेल्या हायसिंथला या वर्षापुरतं वाचवता येतं. जाड कागदाचा शंकू करा, वर बोटाएवढं भोक ठेवा आणि कोंबावर टोपीसारखा घाला. अंधारात वरच्या उजेडाकडे दांडा ओढ घेतो. पाच-सात दिवसांत दोन-तीन सेंमी मिळतात, कधी जास्त. ट्युलिपवर हा उपाय मी दोनदा करून बघितला, फारसा उपयोग झाला नाही.

कंदाच्या पोटात कुठल्या तापमानाला काय घडतं, हे आज इतकं नेमकं सांगता येतं त्याचा पाया १९२० च्या दशकात नेदरलंड्समधल्या वाखेनिंगेन इथे घातला गेला. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाऊ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या तापमानात ठेवलेले कंद ठरावीक काळाने कापून आतल्या फुलाची वाढ नोंदवली. तीन वर्षं कंद न कापता खतं बदलत बसलेल्या माझ्यासारखीला हे वाचून थोडी लाजच वाटली.

कुंडी, आणि तळाशी घातलेले खडे

पाणी तुंबू नये म्हणून कुंडीच्या तळाला खडे किंवा खापऱ्या घालायची सवय जाता जात नाही. उद्देश चांगला, परिणाम उलटा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. ते दोन्हींच्या सीमेवर लोंबकळून राहतं. म्हणजे ओल्या चिखलाचा थर कुंडीच्या तळाऐवजी खड्यांच्या डोक्यावर, नेमका कंदाच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि कुंडी वरपर्यंत एकाच मिश्रणाने भरा. दोन भाग कोकोपीट किंवा चाळलेली माती आणि एक भाग भरड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), इतकं साधं मिश्रण पुरतं. बशीत साचलेलं पाणी तासाभरात ओतून टाका.

सड सुरू होते ती तळच्या चकतीपासून. पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं तहानलीत, आपण आणखी पाणी घालतो आणि कंद हातचा जातो. ओळखायचं कसं? कुंडी उचला. नुकतं पाणी दिल्यावर जड, सुकल्यावर हलकी, हा फरक चार दिवसांत हाताला कळायला लागतो. पानं मलूल आणि कुंडी जड, तर पाण्याचा डबा खाली ठेवा आणि कंद बाहेर काढून तळ दाबून बघा. चकती टणक असेल तर वाचेल: कुजकी मुळं कापा, मऊ थर सोला, दोन दिवस सावलीत सुकवा, कोरड्या मिश्रणात लावा. चकतीच मऊ झाली असेल तर जीव अडकवून ठेवू नका.

अ‍ॅमरिलिसला कुंडी घट्टच हवी. कंदाभोवती सगळीकडून दोन-तीन सेंमी जागा राहील एवढी पुरे, आणि कंदाचा वरचा तिसरा भाग ते अर्धा भाग मातीबाहेर. पूर्ण गाडलात तर मानेत पाणी साचतं. ट्युलिप-हायसिंथ घरात फुलवायचे असतील तर टोक मातीच्या पातळीला आलं तरी चालतं. ट्युलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या भिंतीकडे करा. पहिलं मोठं पान त्या बाजूने निघतं आणि बाहेर लवतं, मधली जागा फुलांना मोकळी राहते.

पेपरव्हाइट लोळतात

फुलं येतात, पण अर्धा मीटरचा दांडा होऊन सगळे आडवे. उजेड कमी आणि ऊब जास्त, हे कारण. पहिले दहा-बारा दिवस गार जागी मुळं धरू देऊन मग भरपूर उजेडात ठेवलं की बराच फरक पडतो. तरीही पडत असतील तर त्यांना थोडी दारू पाजा. गंमत करत नाहीये. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम मिलर यांनी २००६ मध्ये हे प्रयोग करून मांडलं: पाण्यात ४ ते ६ टक्के अल्कोहोल असेल तर दांडा एक तृतीयांश ते निम्मा आखूड राहतो, फुलं मात्र तेवढीच मोठी आणि तितकेच दिवस टिकणारी. अल्कोहोलमुळे मुळांना पाणी ओढायला जरा जड जातं, एवढंच त्यातलं रहस्य.

खडे आणि पाण्यावर कंद लावा, मुळं सुटू द्या, कोंब दोन-तीन सेंमी वर आला की साधं पाणी ओतून द्या. मग ४० टक्क्यांची दारू असेल तर एका भागाला सात भाग पाणी, ७० टक्क्यांचं जखम पुसायचं स्पिरिट असेल तर एका भागाला तेरा भाग. पुढे हेच घालत राहा. बिअर आणि वाइन नको, त्यातल्या साखरेने मुळं बिघडतात. हात सैल सोडू नका. १० टक्क्यांच्या पुढे झाड मरगळतं.

अ‍ॅमरिलिसचं दुसरं वर्ष: पानं मोजा

परत माझ्या कंदाकडे येते. ‘झोप दिली नाही म्हणून फुलला नाही’ असं सगळे सांगतात. शरद ऋतूत पाणी तोडा, आठ-दहा आठवडे १० ते १३ अंशांत अंधारात ठेवा, फुलेल. हे खरं आहे, पण अर्धंच. झोपेमुळे तयार असलेली कळी वेळेवर उठते. आत कळीच नसेल तर झोपवून कोण उठणार?

हिप्पिएस्ट्रमचा कंद साधारण चार पानांमागे एक कळी धरतो, आणि ती कळी आतल्या आत वाढून बाहेर यायच्या लायक व्हायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. प्रत्येक पानाचा तळ कंदाचा एक थर बनतो. म्हणजे एका मोसमात आठ पानं निघाली तर दोन कळ्यांची सोय झाली, तीनच निघाली तर एकीचीही नाही. माझ्या वहीत जुन्या नोंदी होत्याच, फक्त त्यांच्याकडे बघायचं सुचलं नव्हतं: फुलल्यानंतरच्या उन्हाळ्यात तीन पाती, मग चार, मग पुन्हा तीन. शिवाय मी दर वर्षी शरदात ती हिरवी असतानाच कापत होते, ‘झोपवायला’. कंदाला जेवायलाच मिळालं नव्हतं.

त्यामुळे माझा भर आता सगळा फुलं गेल्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांवर. कोमेजलेलं फूल बी धरायच्या आधी खुडते, दांडा स्वतःहून पिवळा पडेपर्यंत ठेवते, पानांना हात लावत नाही. हवा उबदार झाली की कुंडी बाहेर, आधी आठवडाभर सावलीत आणि मग सकाळच्या उन्हात. पंधरा दिवसांनी पातळ खत, ज्यात पोटॅश नत्राहून कमी नसेल असं. नत्राने पात लुसलुशीत होते आणि कंद पोसत नाही. बाजूला पिल्लं आली असतील तर दर दोन-तीन वर्षांनी वेगळी काढते, कारण दहा पिल्लांनी भरलेल्या कुंडीत कुणालाच पोटभर मिळत नाही. सहा पानांच्या खाली मोसम गेला तर त्या हिवाळ्यात झोपवतही नाही. उजेडात, थोड्या पाण्यावर, पात तशीच चालू ठेवते. एक हिवाळा फुलाविना गेला तर गेला.

झोपेतून उठवल्यावर आधी पानं आली तर धीर सोडू नका, कळी मागून येऊ शकते. कळीचं टोक जाड, बाणाच्या फाळासारखं असतं आणि मधल्या पानांच्या जुडीपासून जरा बाजूला सरकून निघतं. पानाचं टोक चपटं आणि गोलसर. सहा आठवडे वाट बघा.

पानांवर आणि दांड्यावर लालभडक चट्टे आणि दांडा एका बाजूला वाकडा, ही दुखणी फुलाच्या हिशोबाबाहेरची. ती स्टॅगोनोस्पोरा बुरशीची किंवा कंदातल्या सूक्ष्म कोळ्यांची खूण. चट्ट्यांचे थर सोलून काढा, पाणी कधीही मानेवर घालू नका, ती कुंडी इतरांपासून लांब ठेवा. कळ्यांच्या जागी गवतासारखी बारीक पात आली आणि कंद मानेशी मऊ लागला तर नार्सिससच्या माशीची अळी आत असू शकते. चिरलात तर सहसा एकच जाडजूड अळी सापडते, आणि मधलं सगळं तिने फस्त केलेलं असतं.

ट्युलिपच्या दुसऱ्या वर्षाबद्दल लिहीत नाही, कारण कुंडीत मी ते करतच नाही. ट्युलिपचा जुना कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवे बनतात. कुंडीत ते बहुधा लहान-लहान तुकड्यांत वाटले जातात, आणि पुढच्या वर्षी एकेक रुंद पान तेवढं हाती लागतं.

राहिला तो चिरलेला कंद. मी त्याच्या उभ्या आठ फाका केल्या, प्रत्येकीला तळच्या चकतीचा तुकडा राहील अशा. बुरशीनाशकात बुडवून, जेमतेम दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणाऱ्या हलक्या खनिज कणांमध्ये) घालून, पिशवीचं तोंड सैल बांधून उबदार अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. दोन कुजल्या. उरलेल्या सहांच्या थरांच्या बेचक्यांत दहाव्या आठवड्यात मण्याएवढे पांढरे कंद धरले, एकूण नऊ. फुलायला त्यांना अजून तीन-चार वर्षं लागतील. सगळ्यात मोठ्याला सध्या तीन पाती आहेत आणि चौथीचं टोक दिसतंय.